अब्जांश-रचित पदार्थ आणि हळदीतील शिशाचा शोध : प्रस्तावना

द्रावणात विरघळलेल्या एखाद्या पदार्थाचे अस्तित्व आणि प्रमाण विजेच्या संकेतातून ओळखणाऱ्या साधनाला विद्युतरासायनिक संवेदक म्हणतात. अशा साधनात सामान्यतः तीन विद्युतअग्रे असतात: ज्याच्या पृष्ठभागावर अपेक्षित क्रिया घडते ते कार्यकारी अग्र, ज्याच्या तुलनेत विभव मोजला जातो ते संदर्भ अग्र आणि विद्युतमंडल पूर्ण करणारे साहाय्यक अग्र. कार्यकारी अग्राचा विभव ठरावीक गतीने बदलत नेला असता द्रावणातील निरनिराळे पदार्थ आपापल्या विभवाला इलेक्ट्रॉन देतात किंवा घेतात. धारा कोणत्या विभवाला वाढली यावरून पदार्थ कोणता हे समजते आणि ती किती वाढली यावरून त्याचे प्रमाण ठरवता येते. हा सारा व्यवहार अग्राच्या पृष्ठभागावर घडत असल्याने त्या पृष्ठभागाची घडण बदलून संवेदक सुधारण्याचा प्रयत्न गेली तीन दशके जगभर चालू आहे. त्यासाठी एक ते शंभर नॅनोमीटर, म्हणजे मीटरच्या अब्जाव्या भागाच्या मापात बेतलेले कण, नळ्या, पापुद्रे आणि सच्छिद्र जाळ्या वापरल्या जातात व त्यांनाच येथे अब्जांश-रचित पदार्थ म्हटले आहे. या विषयावरील लेखन बहुधा पदार्थापासून सुरू होते आणि तो पदार्थ कशासाठी उपयोगी पडेल हा विचार शेवटी येतो. प्रस्तुत विवेचनात हा क्रम उलटा ठेवला आहे; आधी एका ठरावीक प्रदेशातील ठरावीक प्रश्न घेऊन त्यावरून पृष्ठभागाची रचना कशी ठरत जाते हे पाहिले आहे.

तो प्रदेश म्हणजे हिंगोली जिल्ह्यातील कुरुंदा आणि त्याच्या भोवतीचा वसमत तालुका. परभणी जिल्ह्याचे विभाजन होऊन १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा अस्तित्वात आला. विचारवंत नरहर कुरुंदकर (१९३२–१९८२) यांच्या आडनावामुळे कुरुंदा हे नाव महाराष्ट्रभर पोहोचले आणि पुराव्याशिवाय कोणतेही विधान न स्वीकारण्याची जी शिस्त त्यांच्या लेखनातून मराठी वाचकाला मिळाली, तिची आठवण मोजमापाच्या शास्त्राविषयी लिहिताना होणे स्वाभाविक आहे. पूर्णा प्रकल्पाच्या, म्हणजे येलदरी आणि सिद्धेश्वर धरणांच्या पाण्यावर वसमतच्या काळ्या जमिनीत जी पिके स्थिरावली, त्यांत हळदीचे स्थान फार वरचे आहे. सेलम हे वाण येथे मोठ्या प्रमाणावर लावले जाते, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि हळदीच्या संशोधनासाठी व प्रशिक्षणासाठी वसमतला स्वतंत्र केंद्रही मंजूर झाले आहे. कंद काढणे, शिजवणे, वाळवणे, ढोलात फिरवून पॉलिश करणे आणि मग गड्डे व हळकुंडे वेगळी करून बाजार समितीत सौद्यासाठी नेणे, एवढ्या लांब साखळीनंतर भाव ठरताना मात्र बराचसा भरवसा डोळ्यांवरच ठेवला जातो: रंग किती गडद, तकाकी कशी, कांडी किती भरीव. हळदीचा भाव असा रंगावर ठरतो म्हणूनच रंगाची भेसळ करण्याचा मोह निर्माण होतो.

लेड क्रोमेट हा शिसे आणि क्रोमियम यांचा पिवळाधमक संयुग-रंग मूळचा रंगकामाचा आहे. बांगलादेशातील हळदीत तो मिसळला जात असल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने सविस्तर दाखवून दिले; फिकट पडलेल्या हळकुंडांना उजळपणा यावा म्हणून पॉलिशच्या टप्प्यावर तो वापरला जाई. तेथील सरकारने पुढे कडक कारवाई केली आणि २०२१ पर्यंत बाजारातील नमुन्यांतून शिसे जवळजवळ नाहीसे झाले, ही या क्षेत्रातील अतिशय आशादायक घटना आहे. त्या कारवाईत क्ष-किरण प्रतिदीप्तीवर चालणारे हातात धरण्याजोगे यंत्र बाजारातच वापरून हळद जागच्या जागी तपासली गेली. बाजारात तत्काळ मिळणारे उत्तर प्रयोगशाळेतून महिन्याने येणाऱ्या अहवालापेक्षा अधिक परिणामकारक ठरते, हे त्यावरून दिसले. त्या यंत्राची किंमत लाखो रुपयांत असते. शेतकरी उत्पादक कंपनीला किंवा बाजार समितीच्या एखाद्या उपबाजाराला परवडेल असे साधन हवे असेल तर विद्युतरासायनिक संवेदकाकडे वळावे लागते.

येथे एक हिशेब मांडणे आवश्यक आहे, कारण पदार्थाच्या रचनेचा सगळा रोख त्यावर अवलंबून आहे. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने हळदीतील शिशाची कमाल मर्यादा किलोमागे १० मिलिग्रॅम ठरवली आहे. लेड क्रोमेटच्या वजनात शिशाचा वाटा सुमारे ६४ टक्के असल्याने एक किलो हळदीत साधारण १६ मिलिग्रॅम लेड क्रोमेट मिसळले तरी ही मर्यादा गाठली जाते. मर्यादेवरच्या हळदीचा एक ग्रॅम नमुना आम्लात पचवून १०० मिलिलिटर द्रावण केले तर त्या द्रावणात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम शिसे येईल. प्रयोगशाळेतील चांगले संवेदक लिटरमागे एक मायक्रोग्रॅमहूनही कमी शिसे ओळखतात. म्हणजेच हळदीच्या प्रश्नात शोधमर्यादा, अर्थात ओळखता येईल असे किमान प्रमाण, ही अडचणच नाही. आणि तरीही या विषयावरील बहुसंख्य शोधनिबंधांची चढाओढ नेमकी शोधमर्यादा आणखी खाली नेण्यासाठी चाललेली असते. पिण्याच्या पाण्याची गोष्ट वेगळी आहे. भारतीय मानकानुसार त्यात शिशाची मर्यादा लिटरमागे १० मायक्रोग्रॅम आहे, तेथे अधिक संवेदनशीलता खरोखर लागते; पण मोजणीत अडथळा आणणारे हळदीतील कर्क्युमिन हे रंगद्रव्य पाण्यात नसते.

शिशाच्या मोजणीसाठी वापरली जाणारी पद्धत समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागते. प्राग येथे यारोस्लाव हेरोव्स्की यांनी १९२२ मध्ये पाऱ्याच्या ठिबकत्या थेंबाला विद्युतअग्र करून विभव आणि धारा यांचा आलेख मिळवला. पोलॅरोग्राफी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या पद्धतीसाठी त्यांना १९५९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. पुढे तिच्यातूनच आधी साठवून मग सोडवण्याची युक्ती, म्हणजे स्ट्रिपिंग व्होल्टॅमेट्री, विकसित झाली. अग्राला सुमारे उणे १.२ व्होल्ट इतका ऋण विभव काही मिनिटे देऊन द्रावणातील शिशाचे आयन अग्रावर धातूच्या रूपात जमा केले जातात आणि नंतर विभव धन दिशेने वाढवत नेला की ते सगळे शिसे उणे अर्ध्या व्होल्टच्या आसपास एकदम विरघळून धारेचे टोकदार शिखर उमटवते. मिनिटांत जमलेले सेकंदाच्या अंशात सोडल्यामुळे संकेत कितीतरी पट वाढतो. एक नॅनोग्रॅम शिसे विरघळताना सुमारे ०.९३ मायक्रोकूलोम विद्युतप्रभार बाहेर पडतो. तो दशांश सेकंदात वाहिला तर नऊ मायक्रोअँपिअरच्या घरात धारा मिळते, जी स्वस्त इलेक्ट्रॉनिक मंडलालाही सहज वाचता येते. या पद्धतीत पारा फार सोयीचा होता, पण तो विषारी आहे. २००० साली जोसेफ वांग आणि सहकाऱ्यांनी पाऱ्याऐवजी बिस्मथचा पातळ थर वापरता येतो हे दाखवले. बिस्मथ शिशाशी सहज मिश्रधातू करतो आणि पाऱ्याच्या तुलनेने अगदी निरुपद्रवी आहे. शेताजवळ वापरायच्या साधनासाठी निर्णायक ठरलेला हा बदल अब्जांश-रचनेने घडवलेला नाही. तो योग्य मूलद्रव्याच्या निवडीतून घडला आहे, हे नोंदवून ठेवले पाहिजे.

मग अब्जांश-रचनेचे काम काय? एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचे पृष्ठफळ सहा चौरस सेंटिमीटर असते. तोच घन दहा नॅनोमीटर बाजूच्या घनांत विभागला तर एकूण पृष्ठफळ ६०० चौरस मीटर होते. हे उदाहरण खरे आहे, परंतु त्यावरून पृष्ठफळ वाढले की संकेतही तितक्याच पटीने वाढणार असा जो निष्कर्ष वारंवार काढला जातो, तो चुकीचा आहे. अग्राजवळचा पदार्थ क्रियेत संपू लागला की दूरचे रेणू विसरणाने, म्हणजे उष्णतेच्या यादृच्छिक हालचालीने, तिकडे येतात आणि अग्रासमोर टंचाईचा एक थर तयार होतो. पाण्यातील लहान आयनांच्या बाबतीत एका सेकंदात हा थर सुमारे ५० मायक्रोमीटर जाडीचा होतो, म्हणजे पृष्ठभागावरील अब्जांश खडबडीतपणापेक्षा हजारपटीने जाड. सऱ्या-वरंब्यांचे रान दुरून सपाट दिसावे, तसा त्या थराच्या पलीकडून येणाऱ्या रेणूला हा पृष्ठभाग सपाटच असतो. विसरणाने मर्यादित झालेली धारा अग्राच्या बाह्य भौमितिक क्षेत्रफळावरच ठरते. उलट पृष्ठभागावर प्रभार साठण्यामुळे वाहणारी धारितेची धारा मात्र खऱ्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वाढते आणि हव्या संकेताखालची पार्श्वभूमी उंचावते. म्हणून निव्वळ खडबडीतपणा वाढवणे कधीकधी नुकसानकारक ठरते.

अब्जांश-रचना खरोखर उपयोगी पडते ती अन्य ठिकाणी. पदार्थ पृष्ठभागाला चिकटून राहत असेल तर चिकटण्याच्या जागा वाढल्याचा लाभ पूर्ण मिळतो. शिसे साठवण्याच्या टप्प्यात धातूचे कण रुजण्यासाठी असंख्य केंद्रे मिळाली तर थर एकसारखा बसतो आणि शिखर अरुंद येते. इलेक्ट्रॉनची देवाणघेवाण मुळात संथ असेल तर योग्य कण तिचा वेग वाढवतात. आणि विखुरलेली सूक्ष्म अग्रे एकमेकांपासून पुरेशी दूर असतील तर प्रत्येकाकडे सर्व बाजूंनी रेणू येऊन संकेत व पार्श्वभूमी यांचे गुणोत्तर सुधारते. या चारांपैकी आपल्या प्रश्नात कोणते कारण लागू आहे हे सांगता आल्याशिवाय पदार्थ निवडणे म्हणजे अंदाजावर विसंबणे होय. कार्बन नळ्यांचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. सुमिओ इजिमा यांच्या १९९१ च्या शोधनिबंधानंतर या नळ्या अग्रांवर पसरवून उत्प्रेरणाचे मोठे दावे केले गेले. पुढे ऑक्सफर्ड येथील रिचर्ड कॉम्प्टन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले, की काही अभिक्रियांमध्ये दिसणारे उत्प्रेरण नळ्यांचे नसून त्या बनवताना मागे राहिलेल्या धातूच्या अंशांचे आहे. सच्छिद्र थराच्या आत अडकलेले द्रावण पातळ थरासारखे वागून शिखर सरकवते आणि त्यालाही उत्प्रेरण समजले जाते, अशी भरही त्याच परंपरेतील अभ्यासांनी घातली. असे संशोधन नव्या पदार्थाच्या घोषणेइतके आकर्षक वाटत नाही, परंतु विषय पुढे गेला तो त्याच्यामुळे.

हळदीकडे परत येता, अडचणीचे मूळ हळदीच्याच रेणूत आहे. कर्क्युमिन हा तिचा मुख्य रंगद्रव्य-रेणू १८१५ मध्ये वेगळा केला गेला आणि त्याची रचना १९१० मध्ये निश्चित झाली. त्याच्या दोन्ही टोकांना फेनॉलचे गट आहेत आणि मध्ये दोन कीटोन गटांची जोडी आहे. अग्र धन विभवाला नेले की फेनॉलचे ऑक्सिडन होते, त्यातून निर्माण होणारे क्रियाशील रेणू एकमेकांना जोडले जातात आणि विजेला अडवणारा चिवट थर अग्रावर बसतो. पहिल्या मापनाला उंच आलेले शिखर दुसऱ्याला खाली येते आणि पाचव्याला ओळखूही येत नाही. मधली कीटोन-जोडी धातूंच्या आयनांना धरून ठेवते, त्यामुळे द्रावणात शिसे असूनही ते अग्राकडे मोकळेपणे येत नाही आणि प्रमाण प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. अन्नातील विष कमी दाखवणारा संवेदक हा संवेदक नसण्यापेक्षा घातक आहे. त्यातच कंदकुजीवर वापरल्या जाणाऱ्या कॉपर ऑक्सिक्लोराइडमधून तांब्याचे अंश नमुन्यात येऊ शकतात, आणि तांबे अग्रावर बिस्मथशी स्पर्धा करून शिशाचे शिखर दाबून टाकते, ही या पद्धतीची परिचित अडचण आहे. फेरोसायनाइड घालून तांबे बाजूला ठेवता येते. वसमतच्या हळदीसाठी संवेदक करणाऱ्याने शुद्ध पाण्यात शिशाचे क्षार विरघळवून काढलेल्या आलेखावर समाधान मानू नये ते यासाठीच.

रचनेची निवड आता बरीच आवाक्यात येते. पायासाठी कार्बनच्या शाईने कागदावर किंवा प्लास्टिकच्या पट्टीवर छापलेले अग्र पुरेसे आहे. त्यावर ग्राफीन ऑक्साइडचे क्षपण करून मिळणारे पापुद्रे किंवा पॉलिपायरोल, पॉलिअ‍ॅनिलीन यांसारखी विद्युतवाहक बहुवारिके घातली तर बिस्मथ रुजण्यास केंद्रे मिळतात. त्यावर ऋण प्रभार धारण करणारा सच्छिद्र पडदा, उदाहरणार्थ नाफिऑन, बसवला तर धन प्रभाराचे शिशाचे आयन आत येतात आणि मोठे सेंद्रिय रेणू बरेचसे बाहेर अडतात. धातू आणि सेंद्रिय दुव्यांच्या स्फटिकी जाळ्या, ज्यांना मॉफ म्हणतात, त्यांच्या छिद्रांचे माप आणि त्यांतील बंधक गट हवे तसे ठरवता येत असल्याने त्यांच्याकडून निवडकतेची मोठी अपेक्षा आहे. मात्र त्यांच्यापैकी बहुतेक विजेच्या मंदवाहक असून कित्येक आम्लात टिकत नाहीत. नमुना आम्लात पचवायचा असेल तर हा दोष क्षुल्लक नाही. पदार्थ कोणता याइतकेच तो अग्रावर कसा बसवला हे महत्त्वाचे असते: कणांचे द्रावण थेंबाने टाकून सुकवले तर कण थेंबाच्या कडेला जमून कडे तयार होते आणि प्रत्येक पट्टी वेगळी निघते, तर विजेच्या साह्याने जागेवरच वाढवलेला थर प्रभार मोजून नियंत्रित करता येतो. नमुन्यातच बिस्मथचे आयन घालून ते शिशाबरोबर एकाच वेळी जमवण्याची रीत तर प्रत्येक मापनासाठी नवा पृष्ठभाग देते आणि अग्र माखण्याचा प्रश्न पुष्कळसा सौम्य करते.

हे काम महाराष्ट्रात कोठे होऊ शकते हे विचारण्याची आवश्यकता नाही, कारण त्याची पायाभरणी झालेली आहे. छत्रपती संभाजीनगर येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रगत संवेदक तंत्रज्ञानाचे केंद्र असून तेथे कार्बन नळ्या, वाहक बहुवारिके आणि मॉफ यांच्या संमिश्रांवर जड धातूंच्या आयनांचे संवेदन हा प्रदीर्घ अभ्यासाचा विषय राहिला आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात रासायनिक स्नानातून, म्हणजे भट्टी किंवा निर्वात यंत्रणेशिवाय द्रावणातूनच, पातळ थर बसवण्याची परंपरा रुजली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या शतकाच्या आरंभी वनस्पतींच्या अर्कांनी आणि बुरशींनी सोन्याचांदीचे अब्जांश कण तयार करण्याचे पुष्कळ उद्धृत झालेले काम झाले. कुरुंद्याला सर्वांत जवळचे नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ ही दोन्ही हळदीच्या पट्ट्यालगत आहेत. एकाकडे रसायनशास्त्राचे आणि दुसऱ्याकडे पिकाचे ज्ञान आहे, आणि या प्रश्नाला दोन्हींची एकत्र गरज आहे.

विद्युतरासायनिक संवेदकांमधील सर्वांत यशस्वी उदाहरण घराघरांत पोहोचलेल्या साखर-तपासणीच्या पट्टीचे आहे आणि त्याचा येथे उल्लेख करण्याचे कारण केवळ परिचय एवढेच नाही. लेलँड क्लार्क आणि चॅम्प लायन्स यांनी १९६२ मध्ये विकराचे, म्हणजे एन्झाइमचे, अग्र मांडले, १९८० च्या दशकात विकर आणि अग्र यांच्यात इलेक्ट्रॉनची ने-आण करणारे फेरोसीनसारखे मध्यस्थ आले आणि छापील पट्टी बाजारात स्थिरावली. तिच्या यशाचे श्रेय असंख्य रेणूंतून नेमके ग्लुकोज निवडणाऱ्या विकराला, रक्तातील ग्लुकोजच्या भरघोस प्रमाणाला आणि लाखो एकसारख्या पट्ट्या छापता येण्याला आहे. शिशासाठी असा निसर्गदत्त विकर हाताशी नाही. निवडकता आपणच रचावी लागते, आणि अब्जांश-रचनेकडून खरी अपेक्षा करायची ती येथे.

संवेदकाच्या पडताळणीबाबतही काही अपेक्षा आधीच स्पष्ट असाव्यात. नमुन्यात शिशाची ज्ञात मात्रा टप्प्याटप्प्याने मिसळून शिखर किती वाढते ते पाहण्याची प्रमाण-भर पद्धत वापरली, तर कर्क्युमिनच्या साहचर्यामुळे संवेदनशीलता किती घटली आहे हे त्याच नमुन्यात कळते. तेच नमुने आयसीपी वस्तुमान-वर्णपटमापीवर तपासून दोन्ही उत्तरे शेजारी ठेवली पाहिजेत. पट्ट्या वसमतच्या मे महिन्यातील उन्हात पत्र्याच्या गोदामात ठेवून मग वापरून पाहिल्या पाहिजेत, कारण हळदीचा हंगाम उन्हाळ्यातच भरात असतो आणि वातानुकूलित खोलीत टिकलेली पट्टी आडतीवर टिकेलच असे नाही.

राहता राहिला प्रश्न नमुना घेण्याचा, ज्याकडे पदार्थविज्ञानाच्या ग्रंथांत सहसा लक्ष दिले जात नाही. हळकुंडांना वरून लावलेला रंग सालीवर असतो, गाभ्यात नसतो. लेड क्रोमेट पाण्यात विरघळत नाही, पण विरल नायट्रिक आम्लात विरघळते. कर्क्युमिन मात्र आम्लधर्मी पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्यामुळे आख्खी हळकुंडे दळून पचवण्याऐवजी मूठभर हळकुंडे विरल आम्लात थोडा वेळ खळबळून ते धुवण सामू ४.५ च्या आसपास आणून तपासले, तर शिशाचा मोठा भाग द्रावणात येईल आणि त्रासदायक रेणू बहुतांशी कांडीतच राहतील, ही वाट तपासून पाहण्याजोगी आहे. दळलेल्या हळदीला ती लागू पडणार नाही, तेथे पूर्ण पचनच करावे लागेल. धुवणातील शिशाबरोबर क्रोमियमही मोजता आले, तर आणखी एक गोष्ट साधते: लेड क्रोमेटमध्ये दोन्हींचे अणू समसमान असल्याने वजनात शिसे क्रोमियमच्या सुमारे चौपट असते, आणि नमुन्यात हेच गुणोत्तर दिसले तर ते शिसे माती, धूळ किंवा यंत्राच्या झिजेतून न येता रंगातून आले असल्याचा पुरावा बळकट होतो. सोन्याच्या अब्जांश कणांवर आम्लधर्मी द्रावणात क्रोमेटचे क्षपण चांगले वाचता येते. पण कर्क्युमिन किंवा अन्य सेंद्रिय द्रव्य जास्त असेल तर ते क्रोमेटचे आधीच क्षपण करून टाकते, म्हणून धुवण घेतल्यावर ही मोजणी लगेच, त्याच जागी व्हायला हवी. एका पट्टीवर बिस्मथचे आणि सोन्याचे अशी दोन कार्यकारी अग्रे शेजारी छापणे आजच्या तंत्राला अवघड नाही.

व्यापारी, शेतकरी आणि तपासनीस यांच्यासमोर सौद्याच्या वेळी वापरायचे असेल तर अशा साधनाने शिशाच्या आकड्यासोबत त्याची अनिश्चितताही दाखवली पाहिजे. किलोमागे १० मिलिग्रॅमच्या मर्यादेजवळ ९ आणि ११ यांतील फरक ज्याला सांगता येत नाही, त्याने तसे स्पष्ट सांगून तो नमुना प्रयोगशाळेकडे पाठवावा आणि २ किंवा २०० असे निःसंदिग्ध निकाल मात्र जागेवरच द्यावेत. चाळणीच्या या कामासाठी पृष्ठभागाकडून किती पुनरावृत्तीक्षमता हवी, एका अग्रावर किती वेळा मापन करावे आणि किती टक्के विचलन चालेल, हे आकडे पदार्थ निवडण्याआधी कागदावर असावेत. पुढील प्रकरणांतील प्रत्येक पदार्थाची चर्चा त्याच आकड्यांसमोर ठेवून केली आहे.